आधी कोणी उचलायचं

आमच्या जानेफळच्या शिवारात आश्विन लागला की माणसं एकमेकांच्या अंगावर जायला लागतात. दोष सोयाबीनचा आहे. कपाशी थांबते, तूर थांबते, सोयाबीन थांबत नाही. पान गळालं, शेंग वाळली, की एखाद्या कडक दुपारी ती तडकते आणि दाणा मातीत जाऊन पडतो. वर परतीचा पाऊस टपून बसलेला असतो. म्हणून सोंगणीच्या मजुरांवरून भांडण, कापून रचलेल्या पिकाची सुडी झाकायच्या ताडपत्रीवरून भांडण, आणि सगळ्यात मोठं भांडण मळणीयंत्राच्या पाळीवरून. विळ्यानं बोटं कापलेली असतात. शेंगांच्या टोकांनी मनगटं सोलवटलेली असतात. सोंगलेल्या रानातले खुंट चपलेतून वर घुसतात. यंत्राच्या नळीतून उडणारं कुटार घशात, डोळ्यांत, कानांत जातं आणि माणूस दिवसभर खोकत, थुंकत, शिव्या देत फिरतो. अशा वेळी कुणी नुसतं "काय बे?" म्हटलं तरी हात उठतो.

मला हा महिना आवडतो. मी बैलबाजारातला दलाल आहे, अंगावर येणाऱ्या गोष्टींशी माझं जमतं.

आत्ता हे लिहितोय तेव्हा पलीकडच्या रानात यंत्र सुरू आहे. त्याची घरघर जमिनीतून खाटेच्या पायात आणि खाटेच्या पायातून माझ्या पाठीत येते. दर वर्षी हा आवाज आला की एकच हंगाम वर येतो. त्या हंगामात माझ्या पोरीनं मोबाईलमध्ये एक जनावर उचललं, आणि त्या जनावरापायी आम्ही दोघा सख्ख्या भावांनी एकमेकांची तोंडं फोडली.

वैशू तेव्हा सातवीत होती. मी तिला मेहकरहून एक वापरलेला मोबाईल आणून दिला होता. दुकानदाराशी मी इतकी हुज्जत घातली की शेवटी त्यानं कव्हर दिलं, चार्जर दिला आणि स्वतःच्या कानातले हेडफोन काढून तेही माझ्या हातावर ठेवले. "आता जा भाऊ," म्हणाला. मोबाईल अभ्यासासाठी होता. पहिल्याच दिवशी त्यात गेम आला.

जनावरं पकडायचा गेम. रानात फिरायचं. झुडपातून जनावर निघालं की त्याच्याशी लढायचं, त्याला दमवायचं, पकडायचं, आणि मग त्यालाच घेऊन पुढच्या जनावराशी लढायचं. पण रिकाम्या हातानं रानात जाता येत नाही. सुरुवातीला एक म्हातारा भेटतो. त्याच्या घरात तीन पिल्लं ठेवलेली असतात. त्यातलं एक उचलायचं. तो तुमचा पहिला सोबती, आणि पुढचा सगळा खेळ त्याच्या जिवावर.

भर दुपारी, सोंगणी थांबवून आम्ही हिवराच्या झाडाखाली भाकरी खायला बसलो होतो. वैशू माझ्या गुडघ्याशी येऊन बसली.

"पप्पा, तुमी बैल पारखता न? मंग सांगा, याच्यातलं कोन्तं घेऊ?"

माझ्या धंद्याला माझ्या पोरीनं पहिल्यांदा किंमत दिली होती. मी हात धुतले, धोतराच्या टोकाला पुसले आणि मोबाईल हातात घेतला.

एक मुंगूस होतं, शेपटीच्या टोकाला जाळ पेटलेला. एक निळसर रेडकू, अंगातून पाणी निथळत होतं. तिसरं साळिंदर. त्याच्या पाठीवर बाभळीच्या काट्यांसारखे हिरवे काटे, मधेमधे पालवी फुटलेली.

"दात दाखव म्हणाव त्याले," मी म्हणालो.

"दात नाही दाखवत ते."

"चालवून दाखव मंग. लंगडते का पाहू."

"ते तिथंच उड्या मारते फक्त, पप्पा."

"दात न दाखवता, न चालवता जनावर देऊन राह्यला? कोन हाय हा बुड्ढा? त्याले नाही म्हण."

तिनं नाही दाबलं. म्हातारा हसून म्हणाला, सावकाश विचार कर आणि निवड. पुन्हा नाही दाबलं. पुन्हा तेच हसू, तेच वाक्य.

"मुरलेला हाय," मी म्हणालो. "आता पाठ फिरव. चालू लाग. दाराशी गेली का आवाज देते पाह्य."

बाजारात हे कधी चुकत नाही. गिऱ्हाईक वळलं की विकणाऱ्याचा जीव खालीवर होतो आणि मागून हाक येते. वैशू दाराशी गेली. हाक आली नाही. दारच उघडेना. पडद्यावर अक्षरं आली, सोबती निवडल्याशिवाय बाहेर जाता येणार नाही. गिऱ्हाइकाला कोंडून माल गळ्यात मारणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. वैशू हसून हसून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, लोळली. मला मात्र खरोखर संताप आला होता. मोबाईल मातीत आपटावा असं वाटलं.

मग तिनं मला त्या तिघांची खोच सांगितली. जाळ काट्यांना जाळतो. पाणी जाळाला विझवतं. काटे पाणी पिऊन टाकतात. म्हणजे तिघांत सरस कुणीच नाही. समोरच्यानं काय घेतलंय, त्यावर सगळं.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "दुसरं कोन खेळून राह्यलं?"

वैशूनं मान खाली घातली. पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत राहिली. "ऋतू."

ऋतू माझ्या दादाची मुलगी. माझ्या आणि दादाच्या घरांमध्ये एक भिंत आहे, तिच्या पलीकडे ती राहते. दादाशी मी बोलत नाही. पण दोघी पोरी एकाच वर्गात, एकाच बाकावर. दोघींनी ठरवलं होतं की जनावरं मोठी झाली की हॉटस्पॉट लावून लढवायची.

"मंग थांब," मी म्हणालो. "तिले आधी उचलू दे. तिनं जाळ घेतला तं तू पानी घे. तिनं पानी घेतलं तं काटे घे. आधी उचलनारा मरते, बाई. हे माह्या कातड्यावर लिवलेलं हाय."

"पन मले साळिंदरच आवडलं. पाहा न पप्पा, हात लावला का कसं फुगते."

आवडलं हे तोंडावर दिसलं की माणूस गेला. रुमालाखाली बोटं धरून आम्ही भाव करतो तेव्हा चेहरा दगडाचा ठेवतो, तो ह्याचसाठी. हे सगळं मी तिला सांगितलं. ती ऐकत होती आणि अंगठ्यानं साळिंदराला फुगवत होती.

आता दादाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढची मारामारी कळायची नाही.

वाटणीचा आमच्याकडे एक रिवाज आहे. मोठ्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. मोठा मग लबाडी करत नाही, कारण वाईट वाटा त्याच्याच गळ्यात पडण्याची भीती. ज्यानं हा रिवाज काढला तो शहाणा होता, पण त्यानं माझा दादा पाहिला नव्हता. बाबा गेले तेव्हा मी मेहकरला शिकत होतो, घरी फक्त सुटीला यायचो. दादानं दोन वाटे पाडले. एकात वरचं शेत आणि लाखा. दुसऱ्यात नाल्याकाठचं शेत आणि मोरा. लाखा म्हणजे पांढराफेक बैल. घडवल्यासारखं वशिंड, शिंगं कमानीसारखी, चालला की रस्त्यावरची माणसं थांबायची. मोरा कबरा, एक कान फाटलेला. मी लाखाचा जबडा उघडून दात पाहिले, शेपूट पाहिली, पाठीवरचे भोवरे पाहिले. कुठं खोट सापडली नाही. पंचांसमोर म्हणालो, "हा वाटा माहा." दादानं मान हलवली.

पहिल्याच वखरणीला मी लाखाच्या मानेवर जू ठेवायला वाकलो. त्यानं मान खाली घातली आणि मला शिंगावर उचलून धुऱ्यावर फेकलं. पडलो तर उठू देईना, पुन्हा आला. माझी बरगडी मोडलेली मला ऐकू आली. लाखा मारका होता. मी मेहकरला होतो तेव्हाच त्यानं आमच्या सालदाराला गोठ्याच्या खांबाला दाबलं होतं, आणि ते दादानं घरातल्या घरात जिरवलं होतं.

खाटेवर पडल्या पडल्या मी दादाला विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हाव."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

तो तंबाखू मळत होता. वर न पाहता म्हणाला, "तुवा इचारलं कुठं?"

बाजारात हे उत्तर बरोबर आहे. विकणाऱ्यानं खोड सांगायची नसते, घेणाऱ्यानं विचारायची असते. पण मी बाजारात नव्हतो. मी आमच्या अंगणात होतो आणि समोर माझा भाऊ होता. त्या दिवशी आमचं अंगण बाजार झालं. बरं झालो तसा मी तुतारी, टोकाला खिळा ठोकलेली काठी, घेऊन गोठ्यात शिरलो आणि लाखाच्या पुठ्ठ्यावर रक्ताचे ओघळ येईपर्यंत त्याला टोचलं. तो दाव्याला हिसके देत राहिला, फुरफुरत राहिला. नंतर मी त्याला बाजारात नेला. घेणाऱ्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिथून धंदा शिकलो. घर, पिकअप, तालुक्यातल्या बैलबाजारात माझ्या शब्दाला असलेलं वजन, सगळं मी माझ्या मनगटावर उभं केलं. त्यात दादाची एक काडी नाही. पहिली वीट उचलून रचली ती मात्र मधल्या भिंतीची.

त्या भिंतीवर त्या संध्याकाळी वैशू चढली.

"ऋते! म्या साळिंदर उचललं!"

पलीकडून ऋतूचा बारीक आवाज आला, "मंग म्या मुंगूस घेते!"

आणि त्याच्या मागून दादाचं हसणं. नाकातलं, आखूड. इतक्या वर्षांत बदललेलं नव्हतं.

मी वैशूला दंड धरून खाली ओढलं. "बदल ते."

"बदलत नाही पप्पा. एकदा उचललं का उचललं. नाहीतं सगळं पुसून पुन्हा सुरू करा लागते."

"मंग पूस."

"नाही."

तोंडावर नाही म्हणायची तिची पहिलीच वेळ. माझा हात वर गेला. माझ्या बायकोनं, शोभानं, तो मनगटाशी पकडला. तिची पकड जबर आहे. म्हणाली, "पोरीवर नाही उचलायचा. लई खाज असन तं भितीवर मारा." मी भिंतीवर मारला. टोपलंभर गिलावा खाली आला आणि पलीकडून दादा खोकला.

थोड्या वेळानं, हात पाण्यात बुडवून बसलो होतो तेव्हा मी विचारलं, "नाव काय ठेवलं त्याचं?"

"लाखा."

मी पाण्यातून हात बाहेर काढला.

"तुमीच तं सांगता न पप्पा, लई देखना होता म्हणून."

तिच्या जन्मापासून मी तिला लाखाची गोष्ट सांगत आलो होतो. बरगडी सांगितली, दादाचं उत्तर सांगितलं, आवाज चढवून, पाट आपटून सांगितलं. पोरीनं त्यातून उचललं काय, तर बैल देखणा होता.

मला त्या काळात काय हवं होतं ते सरळ सांगतो. बायको म्हणायची, सोडून द्या. गाव म्हणायचं, भावाभावांत चालायचंच. पंच तर कधीच मेले होते. वैशू उरली होती. तिनं तरी माझ्या बाजूला उभं राहून म्हणावं, पप्पा, तुमच्यावर अन्याय झाला. एक माणूस पुरे होतं. म्हणून मी त्या जनावराच्या मागे लागलो. वाईट वाटा तर गळ्यात पडलाच होता, आता तो जिंकून दाखवायचा होता.

सोंगणी चालली होती आणि लाखा वाढत होता. दुपारी हिवराखाली वैशू लढायची आणि मी तिच्या खांद्यावरून ओरडायचो, "मार! दाब! उठू देऊ नको!" लाखानं रानातली पाखरं काट्यांनी भोसकली, दगडाच्या पाठीचे खेकडे उलथे पाडले, एका दोन तोंडांच्या अजगराला असा रगडला की मजूर बाया विळे टाकून बघायला आल्या. प्रत्येक लढाईनंतर त्याचे काटे जरा लांब व्हायचे, काळे पडायचे. पोट मात्र तसंच गुलाबी. जिंकला की उताणा पडून ते पोट दाखवायचा आणि वैशू पडद्यावर बोट फिरवून खाजवायची. बाजारात रुमालाखाली माझ्या बोटांत समोरच्याची बोटं असायची आणि डोक्यात विचार असायचा, काट्याला जाळ कसा सोसवेल? एका दलदलीत गेल्यावर जनावर चिखल फेकायला शिकतं, असं वैशू एकदा सहज म्हणाली. जाळावर चिखल बसला की जाळ गुदमरतो, हे आमच्याकडे शेकोटीजवळच्या लहान लेकराला कळतं. मी तिला तिथून हलू दिलं नाही. लाखा चिखल शिकला. मुंगसावर हुकमी इलाज माझ्या हातात आला. इतकी झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

सोंगणी संपली. वरच्या शेतात माझी सुडी, नाल्याकाठच्या शेतात दादाची. मधे एक धुरा. यंत्रवाला गजू ज्या दिवशी आमच्या शिवारात आला त्या दिवशी दुपारीच पश्चिमेकडून आभाळ काळं होऊन चालून आलं. वारा पडला. सुड्यांवर बसलेली पाखरं उठून गेली. उघड्या शेंगांवर तो पाऊस पडला असता तर चार दिवसांत शेंगेतच मोड फुटले असते.

गजूनं ट्रॅक्टर धुऱ्याशी उभा केला. "अभाय भरून आलं. एकाचंच होईन. पह्यले कोनाचं?"

मी गजूकडे पाहून म्हणालो, "त्याले सांग, पाळी माही हाय."

दादा गजूकडे पाहून म्हणाला, "त्याले इचार, मांगच्या साली पह्यले कोनाचं काढलं?"

"त्याले सांग, मांगच्या साली त्यानं यंत्र रस्त्यावरून पळवलं."

"त्याले सांग, पळवा लागते. इथं कोनी आयतं देत नाही."

"मी काय टपालवाला हाव का बे?" गजू ओरडला. "भाऊ हा का भूत हा तुमी? ठरवा लवकर, नाहीतं मी चाललो पलीकडं."

तेव्हा ऋतू पुढं आली. डोक्याला रुमाल, हातात दादाचा मोबाईल. "काका," ती मला म्हणाली, "आमी लढतो. जे जिकलं त्याच्या बापाचं पह्यले."

गजू हसला. "हे बरं हाय. बापापेक्षा पोरीईले अक्कल हाय."

मी काही बोललो नाही. दादाही बोलला नाही. बाजारात न बोलणं म्हणजे सौदा झाला.

दोघी धुऱ्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. मागे आम्ही उभे, तो त्याच्या बाजूला, मी माझ्या. माझ्या हातात दाताळं होतं, यंत्राच्या तोंडात काड लोटायचं, लांब दांड्याचं. हॉटस्पॉट लागला. पडद्यावर मुंगूस आलं. आता ते वासराएवढं झालं होतं, शेपटीचा जाळ पाठीवर पसरलेला. त्याच्यासमोर लाखा, काटे उभारलेला.

पहिला जाळ मुंगसानं सोडला. लाखाची एक बाजू काळी पडली. "चिखल!" मी ओरडलो. वैशूनं चिखल मारला. मुंगसाची पाठ धुरानं भरली.

"डोयात! त्याच्या डोयात सोड जाळ!" दादा ओरडला.

"पायात घूस! लोळव त्याले!"

"जाळून टाक! कोळसा कर!"

"गाड त्याले! मातीत गाड!"

इतक्या वर्षांत दादा आणि मी पहिल्यांदा एकाच ठिकाणी उभं राहून एकाच गोष्टीबद्दल बोलत होतो. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. गजू ट्रॅक्टरवरून खाली उतरला होता. मुंगूस लंगडत होतं, लाखाची अर्धी पाठ जळाली होती. मी बेभान झालो. "लाखा!" मी गरजलो. "मार लाखा! फाड त्याले!"

दादाचं ओरडणं तुटलं. "कोन लाखा?"

"माहं साळिंदर, मोठे बाबा," वैशू पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

दादाचा चेहरा क्षणभर उघडा पडला. बाजारात असा चेहरा दिसला की मी तिथंच भाव पाडतो. मग तो पुन्हा मिटला.

मुंगसात एका फटक्याचा जीव उरला होता. चिखलाचा एक गोळा आणि सौदा माझा. वैशूचा अंगठा वर उचललेला होता. शेजारी ऋतूनं नाक ओढलं. आणि वैशूचा अंगठा तसाच राहिला. मोबाईल अडकला, की तिचं बोट अडकलं, हे मला आजवर कळलेलं नाही. तेवढ्यात मुंगसानं तोंड उघडलं. जाळ पडदाभर झाला. लाखाचे काटे झडले. तो कुशीवर पडला, एकदा पाय झाडले, आणि पडदा राखेच्या रंगाचा झाला.

दादा हसला. तेच, नाकातलं.

"बापावर गेली," तो म्हणाला, गजूला नव्हे, थेट मला. "उचलतानी देखनं पाह्यते. मंग जळाल्यावर रडते."

मी दाताळ्याचा दांडा त्याच्या तोंडावर मारला.

आवाज ओली काडी मोडावी तसा आला. तो मागे गेला, पडला नाही. डोकं खाली घालून माझ्या पोटात घुसला आणि आम्ही दोघं माझ्या सुडीवर आदळलो. शेंगा पाठीखाली तडतडा फुटल्या. त्यानं माझा कान मुठीत धरून पिरगळला आणि कानाची पाळी फाटली. मी त्याच्या छातीवर बसलो. मी मारत होतो आणि मारताना विचारत होतो, "सांगतलं काऊन नाही? सांगतलं काऊन नाही बे?" त्याच्या तोंडात रक्त होतं, त्याला बोलता येत नव्हतं. तरी मी उत्तर मागत होतो. मग त्यानं मला उलथं पाडलं आणि तोंड खुंटांवर घासलं. गजूनं, मजुरांनी ओढून आम्हाला वेगळं केलं तेव्हा पाऊस सुरू झाला होता. मोठाले, गरम थेंब. यंत्र कुणाच्याच सुडीला लागलं नव्हतं.

मी खाली बसून थुंकत होतो आणि पाहत होतो. शोभा आणि वहिनी, दोघी जावा, ताडपत्रीची टोकं धरून धावत होत्या. आधी माझी सुडी झाकली, मग त्याची. एकीनं टोक टाकलं की दुसरी न सांगता दगड ठेवत होती. ह्या दोघींचं बोलणं कधी बंद झालंच नव्हतं, हे मला त्या पावसात कळलं.

दादाचं रक्त थांबेना. दवाखान्यात न्यायला गाडी एकच, माझी पिकअप. गजू चालवायला बसला. मागच्या हौद्यात एका बाजूला दादा, समोर मी, दोघंही भिजलेले. दादानं तळहातावर पडलेला दात धरला होता आणि त्याच्याकडे तो असा पाहत होता, जणू कुणा दुसऱ्याचाच आहे. गाडी हलता हलता वैशूनं हौद्यात उडी मारली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. माझा कान फाटून लोंबत होता, गालावर खुंटांचे ओरखडे, सदरा रक्तानं चिकटलेला. मी तिच्यासाठी जागा केली, सरकलो.

तिनं ओढणी काढली, तिची घडी केली आणि दादाच्या तोंडाला लावली.

रस्ताभर ती त्याच्या बाजूला बसून होती. एका हातानं ओढणी दाबलेली, दुसऱ्या हातानं त्याची मान सावरलेली, गाडी खड्ड्यात गेली की "हळू, मोठे बाबा," म्हणत. माझ्या कानाचं रक्त माझ्या कॉलरमध्ये गेलं. मी स्वतःच्या हातानं ते दाबून धरलं. दांड्याचा मार लाखाच्या शिंगाइतका खोल जातो की नाही माहीत नाही, पण त्या हौद्यात जे झालं ते बरगडीपेक्षा खोल गेलं. एकुलती एक पोरगी. ती उचलली त्यानं. तीही त्याच्याच वाट्याला गेली.

हे मी मनात धरून ठेवलं. बाजारात कित्येकांना रडवलं, बैल पारखले, सौदे तोडले, घरावर दुसरा मजला चढवला. दादाचा दात त्यानं पुन्हा बसवला नाही. तो हसला की ती फट दिसते, म्हणून तो माझ्यासमोर हसत नाही. माझा कान वेडावाकडा शिवला गेला. गाव आम्हाला दात आणि कान म्हणतं, तोंडावर नाही. भिंत आहे तशी आहे.

वैशू आता बुलढाण्याला कॉलेजात असते. मळणीसाठी म्हणून परवा आली. तिचा जुना मोबाईल कधीच गेला, तो गेमही गेला. मी तिला बस-स्टँडवरून पिकअपमध्ये आणत होतो. ती माझ्या शेजारी बसली होती, खिडकीतून उडतं कुटार आत येत होतं. कुणाच्या तरी रानात दोन माणसं यंत्राच्या पाळीवरून एकमेकांच्या गळपट्ट्या धरून उभी होती. ती ते बघत होती. मला राहवलं नाही. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी गाडीचा वेग कमी करून विचारलं.

"वैशे, त्या दिवशी हौद्यात तू आधी त्याच्याकडं काऊन गेली? कान तं माहाही फाटला होता."

तिला आठवायला वेळ लागला नाही. जणू तीही उत्तर तयार ठेवून होती.

"त्याईले जास्त लागलं होतं, पप्पा," ती म्हणाली. "तुमीच मारलं होतं न."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. एखादी पोरगी बापाला दुकानातून काय आणलं ते सांगते, तसं तिनं सांगितलं. मी गिअर बदलला. दादानं सांगितलं का नाही, आधी कुणी कुणाला फसवलं, टोमणा कुणी मारला, हे सगळं माझ्या जिभेवर होतं, अजूनही आहे आणि ते सगळं खरं आहे. पण आयुष्यभर माणसांनी सांगितलेल्या भावातून कमी करत आलेला मी, तिच्या त्या उत्तरातून काय कमी करावं ते घर येईपर्यंत मला सापडलं नाही.